समजेल तेच खरं वाटतं

"हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे," असं डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तेव्हा मला दोन्ही एकच वाटले. मी विचारलं, पिकल्यावर ऑपरेशन करायचं ना? त्यांनी नकारार्थी मान हलवली. "याची वाट बघायची नसते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली सांभाळायची."

मी गेले होते चष्म्याचा नंबर काढायला. नाशिकजवळ मखमलाबादला आमची फुलशेती आहे. पंचवटीच्या बाजारात झेंडू उतरवताना बाजूने येणारी गाडी मला दिसायची नाही. वयाचं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

मग तपासण्या सुरू झाल्या. टोनोमेट्री म्हणजे डोळ्यातला दाब मोजणं. हा दाब वाढून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. व्हिज्युअल फील्ड टेस्ट म्हणजे यंत्रात तोंड घालून समोर बघायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. सोपं वाटतं, पण फार थकवतं. किती ठिपके आपल्याला दिसलेच नाहीत, हे आपल्याला कळतही नाही.

भावंडांनाही तपासा, असं मॅडमनी सांगितलं. मी सिन्नरला थोरल्या भावाला फोन केला. दादाने तिथेच दाखवलं. त्याचा उजवा डोळा माझ्यापेक्षा वाईट निघाला. दोघांनाही रोजचे थेंब, कायमचे.

घरी येऊन मी मोबाइलवर वाचायला बसले. बारावी झालेली आहे मी, पण मोठ्या दवाखान्यांची पानं इंग्रजीत होती आणि एका वाक्यात चार शब्द अडायचे. मराठी पानं मशीनने भाषांतर केलेली. एकात तर काचबिंदू आणि मोतीबिंदू यांची सरमिसळ. वाचून डोकं दुखायचं, हाती काही लागायचं नाही.

त्या दिवसांत दादाने मला एक व्हिडिओ पाठवला. पांढरा कोट घातलेला माणूस आपल्या भाषेत, शांतपणे, एकेक गोष्ट समजावत होता. थेंबांनी डोळे बिघडतात, म्हणे. त्याने बनवलेला काढा घ्या, दाब आपोआप उतरतो. खाली आभार मानणाऱ्यांची रांग. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला कळेल असं बोललं होतं.

पुढच्या खेपेला मी तो व्हिडिओ मॅडमना दाखवला. दवाखाना भरलेला होता, तरी त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग एवढंच विचारलं, "हा माणूस तुमच्या डोळ्यातला दाब कधी मोजणार आहे?"

मी बाहेर येऊन दादाला फोन लावला. त्याने थेंब केव्हाच बंद केले होते. डोळे लाल व्हायचे, चुरचुरायचे. काढ्याने काही त्रास नव्हता. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असं त्याला वाटलं. काचबिंदू बहुतेकदा दुखतच नाही, हे त्याला कळेल अशा भाषेत कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याला नाशिकला आणलं. उजव्या डोळ्याच्या रिपोर्टवर काळं, म्हणजे नजर गेलेला भाग, फार पसरलं होतं. मॅडमनी ते बोट ठेवून मराठीत समजावलं आणि न चुरचुरणारे थेंब लिहून दिले. दादाने त्या काळ्यावर स्वतःचं बोट ठेवलं.

"आता रोज घातले, तर हे गेलेलं परत येईल का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "पण डावा वाचवू."

परतताना द्वारका चौकाच्या गर्दीत त्याने आधाराला माझा हात धरला. लहानपणापासून रस्ता ओलांडताना मला सांभाळायला तो माझा हात धरायचा.

आता नातेवाईक मला व्हिडिओ पाठवून विचारतात, हे खरं का? मला कंटाळा येतो, तरी उत्तर देते. सोपं आहे म्हणून खरं धरू नका आणि अवघड आहे म्हणून सोडून देऊ नका. कळलं नाही तर डॉक्टरला पुन्हा विचारा, लाजू नका. मॅडम माझ्यावर कधी चिडल्या नाहीत, त्याचे उपकार मोठे आहेत.

परवा सिन्नरला गेले होते. वहिनीने दादाच्या ताटातली नेहमीची उजवीकडची आमटीची वाटी डावीकडे, दिसत्या डोळ्याच्या बाजूला मांडली. तिला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. दादा भाकरी मोडून जेवायला लागला.