मानहाइमला दादानं स्टेजवर नोट ठेवली

नोकरी सोडली, सगळे सेव्हिंग्ज तिकिटात घातले आणि जर्मनीला निघाले. सोल म्युझिक गाणाऱ्या एका गायकासाठी! हा अमेरिकन माणूस तरुणपणी सैनिक म्हणून हायडेलबर्गला आला, तिथल्या क्लबांत गायला लागला, पुढे अमेरिकेत स्टार झाला आणि मग सगळं सोडून परत जर्मनीत. का, ते कुणालाच धड माहीत नाही. मला त्याच्यावर पुस्तक लिहायचंय. पब्लिशरची अट एकच, आधी त्याला भेट. मॅनेजरचा ईमेल एका ओळीचा: मुलाखती बंद आहेत.

दादा हायडेलबर्गजवळ वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे राहण्याचा खर्च वाचला. पहिल्या दिवशी बसनं हायडेलबर्ग. किल्ला सगळे बघतात, तुम्हीही बघा. मी गेले उलट्या दिशेला, अमेरिकन सैनिकांच्या वस्तीत. आर्मी गेल्याच वर्षी निघून गेलेली. रिकाम्या बिल्डिंगा, गंजलेल्या बास्केटबॉलच्या रिंगा. कोपऱ्यावरच्या बेकरीत बटर ब्रेत्सेल, म्हणजे लोणी लावलेला वेटोळा पाव, मस्त मिळतो. गायकाचं नाव काढताच बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "तो? तो ट्रक चालवायचा." शेजारी कॉफी पिणारे आजोबा उसळले, "नाइन! मुळीच नाही, कुक होता. आणि तेव्हा बेसूर गायचा." दोघांची जुंपलीच. माझ्याकडच्या रेकॉर्डच्या कव्हरवर तर आर्मीच्या बँडमध्ये होता असं छापलंय. म्हणजे नक्की काय?

शनिवारी मानहाइमला त्याचा कार्यक्रम. दोघं असाल तर मिळून एकच टागेसकार्टं, म्हणजे दिवसाचा पास, काढा, दिवसभर ट्रेन-ट्राम-बस सगळं चालतं. छोटा हॉल, लोक परीक्षेला बसल्यासारखे गप्प. तो खुर्चीत बसून गायला. आवाज फाटलेला. मला वाटलं, आता काय लिहिणार? पण मध्येच त्यानं एक ओळ धरली, तीच फिरवून फिरवून म्हणायला लागला, आणि दादा उठला. आमच्याकडे भीमगीतांच्या कार्यक्रमात ओळ काळजाला लागली की लोक गायकापुढे नोट ठेवतात. दादानं तरातरा जाऊन दहा युरो स्टेजवर ठेवले.

हॉल थिजला. सिक्युरिटीवाला धावला.

"दादा, अरे काय हे!"

"सवय गं," तो पुटपुटला. कान लालभडक.

गायकानं सिक्युरिटीला हातानंच थांबवलं. कार्यक्रम संपल्यावर आम्हाला आत बोलावलं. त्याला विचारून मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं. "ट्रक, कुक की बँड?"

"ज्याला जे आवडेल ते सांगायचो," तो हसला. मग दादाकडे वळला. "माझ्या आईच्या चर्चमध्ये असे पैसे ठेवायचे. तू कुठे शिकलास?"

"वडिलांच्या गायन पार्टीत. मी कोरसला असायचो."

मग तोच विचारत राहिला आणि दादा सांगत राहिला. आप्पा रेल्वेच्या ड्युटीवरून थेट स्टेजवर कसे जायचे. आवाज बसला तेव्हा पेटी कशी विकली. मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते, आणि मी शाळेत असताना आप्पा गेले. घरी यातलं कुणी कधी बोललंच नाही.

पुण्यात येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. गायक जेमतेम चार वाक्यं, बाकी सगळे आप्पा. मी नक्की कुणाच्या आयुष्यासाठी गेले होते, तेच कळेना. शेवटी पब्लिशरला फोन केला, "गायक बदललाय. माझे वडील."

"अरे वा! ऐकव की एखादं गाणं."

काय ऐकवू? आप्पांच्या आवाजाची एक कॅसेटसुद्धा कुणी भरून ठेवलेली नाही.