आपल्याला बाय नाय

पहिल्याच दिवशी सरांनी मला ‘बाय’ म्हटलं आणि मी मुकाट्याने बॅग उचलून घरी निघाले. कॉलेजच्या कबड्डी संघाची निवड चालली होती, माझी पहिलीच चढाई फसली होती. ‘बाय’ म्हणजे ‘निघ आता’, एवढंच मला कळलं. मागून हाक आली, “अगं बाय, चालली कुठं? पकड बघायचीय अजून तुझी!” सर डोंबिवलीजवळच्या एका आगरी गावातले. त्यांच्या बोलीत मुलगी म्हणजे बाय. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, आम्हाला कुठलं हे ठाऊक असायला? सगळं कॉलेज त्यांना बायसर म्हणायचं आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

कोपरचं आमचं कॉलेज म्हणजे एक इमारत आणि तिच्यामागे मातीचा तुकडा. त्याच्या अर्ध्या भागात प्राध्यापकांच्या स्कूटर उभ्या असायच्या. सर सकाळी लवकर येऊन स्वतः पाणी मारायचे, खडे वेचायचे. कुणी रेषेवर गाडी लावली तर हात जोडून सांगायचे, “सर, गाडी आउट हाय.” समोरचा हसत हसत गाडी काढायचा. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच असायची.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मात्र दरवर्षी घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या कॉलेजात. मॅट त्यांची, हॉल त्यांचा आणि कोण कधी कोणाशी खेळणार हे ठरवणारेही तेच. संघांची संख्या विषम असली की एका संघाला पहिली फेरी न खेळताच पुढे चाल मिळते. तिलाही ‘बाय’च म्हणतात. हा बाय कसा कोण जाणे, नेहमी यजमानांनाच मिळायचा. आम्ही सकाळी आठला खेळायचो आणि जिंकलो तर लगेच त्यांच्यासमोर उभ्या राहायचो. वेळापत्रक आलं की सर ते वाचून घडी करायचे आणि म्हणायचे, “बाय, आपल्याला बाय नाय.” पहिल्या वर्षी आम्ही खूप हसलो. तिसऱ्या वर्षी कोणी हसलं नाही.

एकदा घोडबंदर रोडला आमची गाडी अशी अडकली की पुढेही जाईना, मागेही. वेळेत पोचलो नाही तर सामना गेला. सरांनी दार उघडलं. “उतरा बायांनो, वॉर्मअप हितंच!” ट्रकांच्या मधून आम्ही पळत सुटलो, पुढे सर, त्यांच्या डोक्यावर भाकऱ्यांचा डबा. वेळेत पोचलो आणि तो सामना जिंकलोही. यजमान मुली खुर्च्यांवर बसून इडली खात आमचा खेळ बघत होत्या. सरांनी त्यांच्या क्रीडा संचालकांना विनवलं, “पोरींना जेवायपुरता वेळ द्या.” उत्तर आलं, “हॉल संध्याकाळी दुसऱ्या कार्यक्रमाला दिलाय, सर. आणि तुमच्या मुली मातीतल्या, त्यांना काय होतंय!” यजमानांशी खेळताना दुसऱ्या डावात माझे पाय उचलेनात. सरांच्या घरच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी आम्ही खाल्ली ती परतीच्या गाडीत, हरल्यावर. जिंकून कधी खाल्लीच नाही.

त्या दिवशी मी चिडले. “सर, तुम्ही भांडत का नाही?”

त्यांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. “भांडलो तर पुढच्या साली आपलं नाव कुठं घालतील, सांगता येत नाय. नाय खेळलो तर प्राचार्य बोलतील, मंग संघ कशाला? मधली रेषा दिसतेय, बाय, पण पाय धरलेला हाय.”

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता मी त्याच मोठ्या कॉलेजात क्रीडाशिक्षिका आहे आणि माझाही पाय धरलेला आहे. यंदा मी हट्टाने सगळ्या संघांच्या चिठ्ठ्या सर्वांसमोर टाकायला लावल्या. आमच्या प्राचार्यांनी तोंड वाकडं केलं. “मॅडम, यजमान आहोत ना आपण?” मी ऐकलं नाही. सरांच्या संघाची वाट बघत राहिले, पण त्यांचं नाव आलंच नाही. त्या मातीवर आता पेव्हर ब्लॉक बसलेत आणि मुलींचा संघ बंद झालाय. सर आता निवृत्तीची वाट बघत परीक्षेच्या वर्गांवर पहारा देतात. एक संघ कमी झाला, संख्या विषम झाली, एक बाय तयार झाला. पाहुण्या संघाच्या कप्तानाने चिठ्ठी उचलली, ती आमची निघाली. दुसरी फेरी निदान दुसऱ्या दिवशी ठेवू या, असं मी म्हटलं. हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला दिलाय, असं प्राचार्यांकडून उत्तर मिळालं.

मी सरांना फोन केला.

“चिठ्ठ्या टाकल्या, सर. सगळ्यांसमोर.”

“बेस केलंस, बाय. बाय कोणाला मिळाला?”

“आम्हाला. तुमचा संघ आला असता तर कोणालाच मिळाला नसता.”

पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मला रडू आलं आणि ते त्यांना कळलं असावं.

“मंग घे, बाय,” सर म्हणाले. “पण सकाळच्या पोरींना आधी जेवू दे.”

आमच्या मुलींना मॅटवर कधी उतरवायचं, तेवढं मात्र माझ्या हातात होतं.