मामाजींचा संशय

पांढुर्ण्याच्या दामिनीला कुणी विचारलं की बाई, या खुनाच्या फिल्मांत तुला एवढं काय गोड लागतं, तर ती म्हणते, व्रताच्या कहाणीत लागतं तेच. एका बैठकीत सुरू होते, त्याच बैठकीत संपते. मधे कितीही अंधार असो, शेवटी खऱ्याचं खरं होतं. मालिकेसारखं नाही, की सासू वर्षानुवर्षं कारस्थान करतेच आहे आणि देवाचं तिकडे लक्षच नाही.

दामिनी बोरगावची लेक. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकली आणि वीरेंद्रशी लग्न होऊन पांढुर्ण्यात आली. फिल्मांचं वेड तिला लावलं सासऱ्याने, म्हणजे तिच्या मामाजींनी. नत्थूजींनी जन्मभर कापूस आणि संत्रा केला. शौक म्हणाल तर एवढा एकच. रविवारी दुपारी टीव्हीवर फिल्म लागायची. टॉकीजातली नव्हे, टीव्हीसाठीच काढलेली. गाणी नाहीत, मारामाऱ्या नाहीत. एक घर, चार माणसं, आणि त्या चारांतलाच कोणीतरी खुनी. नत्थूजींचं म्हणणं असं की खुनी पहिल्यापासून आपल्यासमोर चहा पीत बसलेला पाहिजे. शेवटी बाहेरून आणलेला खुनी म्हणजे हात धुतल्यावर आलेलं मीठ.

शेजारचा हिरामण यायचा, पलीकडची उर्वशी सुपात तुरीची डाळ घेऊन निवडत बसायची. टीव्ही सगळ्यांच्याच घरी होते, पण संशय घ्यायला माणसं लागतात. शेवटच्या जाहिरातीआधी ज्याने त्याने आपापला खुनी सांगायचा, असा नेम होता. नत्थूजी सहसा चुकत नसत, आणि हिरामणला ते आठवडाभर ऐकवत.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उरली आहे तेवढी नजर सांभाळू, गेलेली परत येणार नाही. उजेड-अंधार कळायचा, माणूस सावलीसारखा दिसायचा, पडद्यावरचं काहीच नाही. रविवार आला की नत्थूजी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. हिरामण येऊन बसायचा, पण नुसताच. दामिनीला ते बघवेना. तिने एका रविवारी हट्टच धरला, की मी शेजारी बसून सगळं सांगते, तुम्ही फक्त ऐका.

नत्थूजींनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. मग म्हणाले, "आज येतो. नाही जमलं तं पुन्हा मले बोलावजो नको."

दामिनीने मनात देवाला हात जोडले आणि डोक्यावर पदर घेऊन सासऱ्याच्या पायाशी बसली.

फिल्म चांगली निघाली. डोंगरातला बंगला. म्हातारा मालक रात्रीचा चहा पिऊन मेला, चहात विष. घरात त्याची बायको, एक डॉक्टर, एक माळी आणि त्या बायकोचा सख्खा भाऊ. बोलणं नत्थूजींना ऐकू येत होतं. न बोलता जे घडायचं ते दामिनी हळू आवाजात सांगायची. डॉक्टरने पिशवी पलंगाखाली सरकवली. माळी खिडकीतून आत बघतो आहे. बाई रडते आहे, पण पदर कोरडा आहे. नत्थूजी मान हलवत होते. हळूहळू पुढे सरकून बसले.

अडचण एकच झाली. त्या भावाचं नाव फिल्मवाल्यांनी ठेवलं होतं वीरेंद्र. आता नवऱ्याचं नाव दामिनीने लग्नापासून तोंडाने घेतलेलं नाही, आणि सासऱ्यासमोर तर जीभच वळेना. आजकालच्या सुना घेतात, खुशाल घ्यावं, पण तिला तिच्या आईने तसं शिकवलं नव्हतं. मग ती म्हणायची, "डॉक्टर जिन्यावर उभा आहे, माळी बाहेर आहे, अन् ते… ते दुसरे पण आले." दर वेळी तिथे अडखळायची, आवाज खाली जायचा, आणि त्या भावाला अहोजाहो सुरू.

शेवटच्या जाहिरातीआधी नत्थूजींनी हात वर केला. "खुनी वीरेंद्र," ते म्हणाले. "दामिनी त्याले मघापासून लपवून राहिली. सगळ्याइचं नाव घेते, त्याचंच घेत नाही. काही पाहिलं हाय तिनं."

उर्वशीला असं हसू आलं की सुपातली डाळ खाली सांडली. "मामाजी, ते तुमच्या पोराचं नाव हाय. घेईन कशी थे?"

हिरामण म्हणाला, "घ्या. घरच्याच पोरावर केस ठोकली नत्थूजीनं."

नत्थूजींचा चेहरा उतरला. आपल्याला दिसत नाही म्हणून सगळे हसले असं त्यांना वाटलं की काय, या विचाराने दामिनी घाबरली. उर्वशीने तेवढ्यात रस्ता काढला. उखाण्यात नाव घ्यायला कुठे बंदी आहे, घे नाव, म्हणजे हिशेब सरळ होईल. दामिनी लाजली, पण सासऱ्याचा चेहरा बघून तिने घेतलंच:

"खुनाच्या बंगल्यात विझला दिवा,
वीरेंद्ररावांचं नाव घेते, मामाजी, संशय दुसऱ्यावर ठेवा."

नत्थूजी मोठ्याने हसले. सगळ्यांना बरं वाटलं. सुनेचा मान ठेवून त्यांनी संशय डॉक्टरवर नेला, हिरामणने माळी धरला, आणि पुढे दामिनी त्या भावाला "उखाण्यातले" म्हणू लागली.

आणि शेवटी खुनी निघाला तोच, वीरेंद्र. बहिणीच्या हातचा चहा त्यानेच मधल्या मधे बिघडवला होता. पोलिसांनी नेला तेव्हा ती बाई दारातच बसली.

 दामिनीने जीभ चावली. बरोबर धरलेला चोर तिच्याच उखाण्याने सुटला होता.

"थे बाई काय करून राहिली?" नत्थूजींनी विचारलं.

"दारात बसली आहे, मामाजी. रडत पण नाही."

"कशी रडन? रोज समोर होता तिच्या. आपला म्हणून पाहिलंच नाही तिनं. म्याबी तेच केलं. पोराचं नाव हाय म्हटलं अन् सोडून देलं त्याले. डोळे होते तवा म्या अशी फिल्म कधी पाहिली नाही. तवा बाहेरून पाहत होतो. आज बंगल्यातच होतो."

हिरामण म्हणाला, तुम्ही बदललं होतं, म्हणून हार तुमचीच. नत्थूजी म्हणाले, आधी नाव कोणी घेतलं ते सांग. वाद असा पेटला की उर्वशी सांडलेली डाळ वेचून घरी गेली तरी दोघांना पत्ता नव्हता. तेवढ्यात संत्र्याच्या बगिच्यातून घरचा वीरेंद्र आला, आणि बापाने त्याला दारातच विचारलं, चहात काय टाकलं रे? तो बिचारा बायकोकडे बघत राहिला.

दामिनी चहा ठेवायला उठली तेव्हा नत्थूजींनी तिला थांबवलं. सांगणं चांगलं होतं, म्हणाले, पण कोणाच्या हातात काय आहे ते आधी सांगत जा, तोंडं मग. तोंडं खोटं बोलतात.

"बरं, मामाजी," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी हातापासून सांगते."