चाळणीवरचा जुम्मा

मला राग आला की मी पत्रक लिहिते. ही खोड वडिलांची. वाशीमजवळच्या मालेगावातल्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. बाराखडी गिरवता गिरवता मी ‘बंधू आणि भगिनींनो’ वाचायला शिकले, आणि शाळेच्या वह्यांना उरलेल्या पत्रकांचीच कव्हरं घातली. त्यामुळे आमच्या डाळमिलच्या नव्या मॅनेजरने चाचांचा जुम्मा बंद केला, तेव्हा माझा हात आपसूक कागदाकडे गेला.

मी मिलच्या ऑफिसात गेटपास आणि वजनाच्या पावत्या करते. आत तुरीच्या दोन चाळण्या आहेत, विजेवर चालणाऱ्या. एकीवर चाचा, आमच्याच गल्लीतले, दाढीत कायम भुसा. दुसरीवर भाऊ, जवळच्या खेड्यातून सायकलीवर येणारे. शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला जात, तेव्हा भाऊ दोन्ही चाळण्या सांभाळत. सोमवारी भाऊ महादेवाला जात, तेव्हा चाचा सांभाळत. हे मी कामाला लागायच्या आधीपासून चाललेलं होतं. कुणाची परवानगी नाही, कुठे नोंद नाही, आणि एक दाणाही कधी खोळंबला नाही.

मॅनेजरने फर्मान काढलं: शुक्रवारी दुपारी जो गेटबाहेर जाईल त्याचा खाडा, आणि दुसऱ्यांदा गेला तर काम बंद. सोमवारबद्दल अवाक्षर नाही. मी विचारलं, तर म्हणाला, “मॅडम, देवळात जाणं वेगळं. हे लोक सगळे एकत्र जमतात.” हे तो हसत, चहा ढवळत बोलला.

संध्याकाळी चाचा आमच्या ओट्यावर बसले. “बेटी, आजलोक एक जुम्मा सुटला नाई माया. आता या उमरीत जुम्मा सोडू का काम सोडू, तूच सांग.”

मी सांगितलं नाही. मी मंगरूळपीरची बस पकडली.

तिथे वडिलांचे जुने स्नेही राहतात, उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर. मी म्हटलं, मला जुम्मा या नावाचं मूळ सांगा, पत्रकात छापायचं आहे. मास्तरांनी चष्मा पुसला. अरबीत आठवडा बोटांवर मोजतात, म्हणाले. अहद म्हणजे एक, तो रविवार. मग इस्नैन दोन, सलासा तीन, अरबिआ चार, खमीस पाच. पाचावर मोजणी थांबते. सहावा दिवस ‘सहावा’ म्हणवून घेत नाही. त्याचं जुनं नाव अरूबा होतं, पुढे तो जुमुआ झाला. जीम, मीम, ऐन ही तीन अक्षरं, अर्थ गोळा होणं. त्याच धातूतून जमा, जमाव, जमात हे आपले शब्द आले. पूर्ण नाव यौमुल-जुमुआ, जमण्याचा दिवस. पहिलं नाम दुसऱ्याला टेकून उभं राहतं, मधे ‘चा’ लागत नाही. शब्द स्त्रीलिंगी. आपल्याकडे येऊन तो पुरुष झाला, आणि घशातला ऐन आपल्याला जमेना म्हणून आपण ‘म’लाच दोनदा दाबलं.

“मग बरोबर उच्चार कोणता?”

“मीमवर पेश द्या, जुमुआ; जबर द्या, जुमआ; नाई त काईच देऊ नका, जुम्आ. तिन्ही चालतात,” मास्तर म्हणाले. “अरबीवाले भांडले नाईत त्याच्यावर. तू काहून भांडून राह्यली?”

मी कशासाठी भांडतेय ते मला ठाऊक होतं. ज्या मॅनेजरला ‘जमतात’ या शब्दाची भीती वाटते, तो रोज आमच्याकडून जमाखर्च मागतो. त्याच्या तोंडात तीच तीन अक्षरं आहेत आणि त्याला पत्ता नाही! रात्रीतून पत्रक लिहिलं. अरूबापासून ऐनपर्यंत सगळं घातलं. वडिलांनी वाचलं आणि नुसतं “भाषा चांगली आहे” म्हणाले. त्यांच्या तोंडी ही स्तुती नसते, हे मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मिलसमोरच्या चहाच्या टपरीवर मी ते भाऊंना मोठ्याने वाचून दाखवलं. चाचा शेजारीच बसले होते. भाऊंनी पूर्ण ऐकलं, बशीतला चहा संपवला.

“ताई, हे समदं अरबस्तानचं झालं. याच्यात मी कुठं हाओ?”

“तुम्ही?”

“मी नाई त चाचा जातीन कसे? चाळणी काय तुया तो ऐन फिरवते?”

चाचा ठसका लागेपर्यंत हसले. मग भाऊंचा आवाज चढला. “अन् माया सोमवार काहून चालू ठेवला त्यानं? मी का त्याचा जावई हाओ? बंद करायचा त दोघायचा कर म्हना. मी नाई जात सोमवारी.”

“असं नको करू रे,” चाचा म्हणाले. “महादेवानं तुयं काय बिघडवलं?”

मला माझ्या पत्रकाचा राग आला. शब्दाच्या मुळाशी मी खणत गेले, आणि ज्या माणसाच्या जोरावर चाचांचा जुम्मा उभा होता तो माझ्या कागदावर एका ओळीतही नव्हता. पत्रक मी छापलं नाही.

शुक्रवार आला. चाचांनी हातपाय धुतले, टोपी घातली. भाऊ दोन्ही चाळण्यांच्या मधे जाऊन उभे राहिले. मॅनेजर आला आणि त्याने सरळ मेन स्विच खाली ओढला. सगळी मिल गप्प झाली. चाचा गेटशी थबकले.

भाऊ ओरडले, “चाचा, जा ना तुमी! थांबता कायले? बंद मशीनले मानूस लागत नाई, अन् मशीन तं सायबानं बंद केली!”

पोती शिवणाऱ्या बाया आधी हसल्या, मग हमाल. चाचा गेले. मॅनेजरला स्विच वर करावाच लागला, कारण बाहेर माल भरायला ट्रक उभा होता. खाडा मांडायची त्याची हिंमत झाली नाही.

पण असली माणसं हरत नाहीत, जागा बदलतात. सोमवारी भाऊंची बदली वाशीम रोडच्या गोदामावर झाली. कारण विचारलं, तर “कामाची गरज.” त्यांच्या चाळणीवर नवा माणूस आला, आणि त्याला तंबी होती: फक्त स्वतःची चाळणी बघायची. चाचांना कुणी जा म्हणत नव्हतं, कुणी थांबाही म्हणत नव्हतं. फक्त चाळणी धरणारा उरला नव्हता. चाळणी सोडली की तूर सांडते, आणि तूर सांडली की काम सुटतं. हे असं सभ्यपणे गळा दाबणं मला शिवीपेक्षा जास्त संतापवतं.

पुढच्या शुक्रवारी मी पावत्यांचं बुक मिटलं, ओढणी तोंडाला बांधली आणि चाचांच्या चाळणीपाशी जाऊन उभी राहिले. मॅनेजर धावत आला.

“मॅडम, हे तुमचं काम नाही.”

“ही माझी जेवणाची सुटी आहे. ती कुठे घालवायची ते मी ठरवेन.”

पहिल्या दिवशी तूर सांडली, बरीच. चाचांनी परत आल्यावर ती झाडूने गोळा केली. आता कमी सांडते. डोळे चुरचुरतात, कानात घरी जाईपर्यंत घरघर राहते, आणि दर वेळी मी मॅनेजरच्या केबिनच्या काचेकडे बघत दातओठ खात असते. हा राग गेलेला नाही. जाऊही नये.

परवा चाचा नमाजाहून आले, माझ्या हातातून चाळणीचा दांडा घेतला आणि विचारलं, “बेटी, तुया वार कोन्ता? त्या दिवशी मी बसतो ऑफिसात.”

“चाचा, मी कोणताच वार पाळत नाही. अन् तुम्हाला कॉम्प्युटर कुठे येतो?”

“तुले तरी चाळणी कुठं आल्ती?” ते म्हणाले. “वार सांग.”