फायर टँकला दिलेला फुकटचा नळ

परवान्याआधीच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी पंपाचं बटण दाबलं. पंप खोकला. गॅसच्या बुलेटवरच्या स्प्रिंकलरमधून चार थेंब पडले आणि सगळं थंड. बुलेट म्हणजे द्रवरूप गॅस साठवायची आडवी, लांबट टाकी. जवळपास आग लागली तर तिच्यावर पाण्याचा मारा करायचा असतो. त्यासाठी शेजारी फायर टँक लागतो, म्हणजे पाण्याने कायम भरलेली दुसरी टाकी. ती नसेल तर परवाना नाही.

"टाकी भरलेली होती," मी म्हणालो.

"होती," साहेब म्हणाले आणि झाकण उघडलं. तळाला घोटाभर पाणी.

कारखाना पारनेरच्या बाजूला, बबनदादांचा. गॅसवर हवा तापवून कांदा सुकवायचा. चार दिवसांत उन्हाळी कांदा येऊन पडणार होता, सौदे झालेले. परवान्याशिवाय गॅस नाही आणि गॅसशिवाय कांदा सडणार.

मी तापलो. बुलेट आणि टाकी बसवायचं काम माझं, एस्टिमेटही माझंच होतं. बांधायचा खर्च वेगळा, चालवायचा वेगळा, असं मी नीट मांडून दिलं होतं. चालवायच्या खर्चात 'उन्हाळ्यात टँकरचं पाणी' अशी ओळ होती. दादांनी तिच्यावर रेघ मारली. "मिस्तरी, गॅस साठवायचाय का तळं बांधायचंय?"

मिस्तरी! वेल्डिंगपासून सुरुवात केली हे खरं. पण आज पायापासून पायपिंगपर्यंतचं एस्टिमेट मी करतो. पुण्याहून डिग्रीवाला पोरगा आला की तो साहेब, मी मात्र मिस्तरीच.

"दादा, पाण्याची ओळ खोडलीत. आता भोगा."

"आरं, सोताच्या हिरीचं पानी भरलं हुतं मी! काठोकाठ!"

"मग प्यायलं कोण?"

उत्तर मागून आलं. दादांची आई, अक्का, दोन म्हशी घेऊन गेटात उभी.

"म्या पाजलं. माझ्या म्हशींला आन वस्तीवरच्या समद्या गुरांना. समदीकडं ठणठणाट, आन हितं पानी झाकून ठिवायचं? कशाला, पुजायला?"

साहेब टाकीभोवती फेरी मारून आले. "हा नळ ड्रॉइंगमध्ये नाही. कुणी बसवला?"

आता सांगतोच. सौदा शेवटच्या आकड्यावर अडला होता. दादा हटेनात, मीही हटेना. भाजीवर कोथिंबीर टाकतात तसं मी वरून टाकलं, "जा, टाकीला एक नळ फुकट." दादांनी लगेच हात मिळवला. तो सौदा आपण जिंकला, असं मी महिनाभर सांगत फिरत होतो.

"कुणी बसवला?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"मिस्तरींनी," दादा म्हणाले.

"परवा येतो. टाकी भरा, नळ काढा."

बुलेटमध्ये अजून गॅस नव्हता, म्हणून तिथेच वेल्डिंग करता येत होतं. नळ काढून पत्रा डकवायला मी स्वतः बसलो, तर अक्का आडवी आली. "आदी म्हशींचं बग, मग कर बंद." मी तासभर घासाघीस केली. म्हातारी तसूभर सरकली नाही. शेवटी कुंपणाबाहेर गुरांसाठी हौद बांधला. विटा-सिमेंट माझं, पाणी दादांचं. फायर टँक भरायला टँकर आले, तेही दादांचेच.

तिसऱ्या दिवशी स्प्रिंकलरने बुलेट भिजवली, साहेब भिजवले आणि दादांचा कडक इस्त्रीचा सदराही भिजवला. परवाना मिळाला. कांदा वाचला.

"मिस्तरी, वेल्डिंग मातर येक नंबर हाय तुमचं," दादा म्हणाले.

हल्ली माझ्या एस्टिमेटमध्ये बुलेटच्याही आधी एक ओळ असते: गुरांचा हौद. तिच्यावर घासाघीस चालत नाही. आणि वरून मी काही टाकत नाही.