दुसऱ्याच्या भिंतीवरची आक्का

किल्लारीच्या भूकंपानंतरच्या महिन्यात, लातूरच्या एका स्टुडिओत, एका मेलेल्या बाईचा जगातला एकुलता एक फोटो माझ्या हातून धुऊन गेला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आक्काला नाही, ज्याची ती आई होती त्याला तर नाहीच.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. नांदेडहून लातूरला, सगळे ज्यांना चाचा म्हणत त्यांच्या स्टुडिओत काम शिकायला गेलो होतो. फोटोवर पेन्सिल आणि ब्रश फिरवून सुरकुत्या घालवायच्या, केस काळे करायचे, हे माझं काम. त्या दिवसांत मात्र लोक ढिगाऱ्यातून निघालेले फोटो घेऊन येत. लग्नाच्या घोळक्यातला एक चेहरा वेगळा काढून मोठा करायचा, फ्रेम करायचा. घर उभं नव्हतं तरी भिंतीवरचा फोटो आधी पाहिजे होता.

किल्लारीकडचा माझ्याच वयाचा एक शेतकरी आला. ट्रंकेत सापडलेला फोटो त्यानं रुमालात गुंडाळून आणला होता. चिखलानं माखलेला.

"आईचा हा एकच हाय. सांभाळून करा, भाऊ."

चाचांनी बजावून ठेवलं होतं, माती वाळू दे, मग कोरड्या ब्रशनं झटक, पाणी लावू नको. पण चाचा दुपारच्या नमाजाला गेले होते, आणि मला शहाणपण सुचलं. टाकीचं पाणी उन्हानं तापलेलं. फोटो त्यात बुडवला आणि कापसानं पुसला. दुधावरची साय निघावी तसा चेहरा कापसाबरोबर निघून आला. उरला पांढरा कागद आणि कडेला कुणाचा तरी फेटा.

मी कापूस आणि कागद दोन्ही मोरीत टाकले.

मग आक्काची निगेटिव्ह काढली. आक्का माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. हात बसावा म्हणून मी तिचेच फोटो काढायचो, कारण दुसरं कुणी एवढा वेळ गप्प बसत नव्हतं. तिचा चेहरा मोठा केला. केस पांढरे केले, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या काढल्या, कुंकू मोठं केलं. दोन दिवस खपलो. चाचांनी पाहिलं आणि म्हणाले, "वा! अब तू उस्ताद हो गया." ती शाबासकी मला अजून टोचते.

शेतकऱ्यानं फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"येगळी वाटती जरा. आईचं नाक बसकं होतं ना?"

"मोठं केलं की चेहरा बदलतो," मी म्हणालो. "सवय होईल."

तो मान हलवून गेला.

पुढे डिजिटल आलं आणि शिकवण्यांची लाट आली. मी नांदेडला परतून स्वतःचा स्टुडिओ टाकला आणि क्लासला येणाऱ्या पोरांच्या पासपोर्ट फोटोंवर संसार केला. स्टुडिओत कोट एकच. बारक्या पोरांना तो पाठीमागून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळायचो. पुढून बघावं तर डॉक्टर, मागून बघावं तर दोरीवरचं धुणं. निकाल लागला की एकाच पोराचा फोटो तीन क्लासवाल्यांना बॅनरसाठी हवा असे. मी शर्टाचे तीन रंग करून द्यायचो आणि तिघंही खूश.

आक्कानं घरीच मुलींची मेस सुरू केली. सहासष्टाव्या वर्षीही तिची भाकरी आणि जीभ दोन्ही गरम. मागच्या वर्षी एका दुपारी मी जेवत होतो, तर ती फुशारकीनं म्हणाली, "नवी पोरगी आलीय किल्लारीकडची, डॉक्टरकीच्या क्लासला. मला आजी म्हणून राहिली. म्हणते, मी तिच्या घरच्या फोटोतल्या आजीसारखी दिसते. तिचे बाबा सांगतात म्हणे, आजीचं नाक अस्संच धारदार होतं."

मला जोराचा ठसका लागला. आक्कानं पाठीत चार धपाटे घातले. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. पांढरे केस, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, सगळं मी काढलं होतं तिथंच. बाई माझ्या पेन्सिलीबरहुकूम म्हातारी झाली होती.

त्याच हिवाळ्यात आमच्या शहरात फोटोग्राफीचा महोत्सव भरला. विषय होता, उद्या चित्रं कशी तयार होतील. मला जुना माणूस म्हणून शाल, नारळ आणि पहिल्या रांगेतली खुर्ची. एक तरुण सांगत होता की अस्तित्वात नसलेल्या माणसाचाही चेहरा आता यंत्र घडवतं, जिवंत माणसाला म्हातारं करून दाखवतं. सगळे आ वासून ऐकत होते. मग त्यानं माईक माझ्यापुढे धरला.

"काका, तुमच्या काळी फोटो खोटं बोलत नव्हता ना?"

"न्हाई बोलत," मी म्हणालो. टाळ्या पडल्या.

बाहेर एका स्टॉलवर जुन्या फोटोंतली माणसं पडद्यावर हलती करून दाखवत होते. आक्काला घेऊन ती पोरगी रांगेत उभी. मी पोचेपर्यंत तिनं मोबाईलवरचा आजीचा फोटो दिलाही होता. पडद्यावर बाई आली, पापण्या मिटल्या, मान वळवून हसली. पोरीनं टाळी वाजवली. "आजी! बघा ना, तुम्हीच!"

आक्काची नजर चेहऱ्यावर नव्हतीच. पदरावर होती. त्यावरची वेलबुट्टी तिनं स्वतः भरली होती. मी चेहरा म्हातारा केला होता, पदराकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पोरीला म्हणाली, "लई देखणी होती गं तुझी आजी."

ऑटोत बसल्यावर मात्र तिनं मला धरलं.

"जित्या बहिणीला हार घातलास व्हय रे?"

"आक्का..."

"पितरांच्या दिवसांत माझं पोट कामून जड होतं ते आज कळलं. दोन दोन घरची खीर मीच खाऊन राहिले!"

ऑटोवालाही हसला. तीही हसून हसून डोळे पुसू लागली. मग थांबली. "पण तिचा खरा फोटो कुठाय?"

सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "त्यात चेहरा आलाच नव्हता. पुसट होता."

"मग पुण्याचंच काम केलंस की," असं म्हणून तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

पोरीला मेडिकलला प्रवेश मिळाला. तिचे वडील पेढे घेऊन मेसवर आले. मी ओळखलं, त्यांनी मला नाही. आक्काला बघून ते दारातच थबकले, मग वाकून पाया पडले. "आईच दिसली," म्हणाले. आक्कानं डोक्यावर हात ठेवला, जेवायला बसवलं, तिसरी भाकरी नको म्हणताना वाढली. माणूस आनंदानं जेवत होता. त्यांच्या शेजारी बसून मी दोन पेढे खाल्ले आणि घरी आलो.

चुकून फोटो गेला, त्याची माफी कदाचित मिळेलही. पण त्या माणसाला आपल्या आईचा चेहरा आठवत होता, आणि मी त्याला सवय होईल म्हणालो. तशी ती झाली. आईचा चेहरा मी त्याला परत देऊ शकत नाही. पण भिंतीवरची बाई त्याची आई नाही, आणि नाकाबद्दल त्या दिवशी त्याचंच बरोबर होतं, हे त्याच्या समोर बसून सांगणं, एवढं मी त्याचं अजून देणं लागतो.