पेन्शनसाठी केलेलं लग्न

“हा हार्ट अटॅक आहे, मॅडम. लगेच अँजिओग्राफी करावी लागेल,” डॉक्टर म्हणाले. मी मात्र पित्त समजून सकाळपासून सोडा पीत होते. छातीत कळ नव्हतीच. जबडा दुखत होता, घाम सुटत होता. बायकांना असंही होतं. तुम्हाला झालं तर सोडा पीत बसू नका.

अँजिओग्राफी म्हणजे हाताच्या नसेतून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासणं. माझ्या तीन वाहिन्या तुंबल्या होत्या. बायपास ठरलं. संमतीपत्रावर माझी सही झाली, पण नातेवाइकाचीही हवी होती. वसंता पुढे झाला.

“आपण पेशंटचे कोण?”

“आमी सोबत राहतो जी. वीस वर्सं झाली.”

“नवरा किंवा रक्ताचं कोणीतरी लागेल.”

अमरावतीहून माझा भाऊ आला. मी वसंतासोबत राहायला लागल्यापासून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. माझ्याकडे न बघता त्याने सही केली आणि चहा प्यायला गेला. आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला उचलून आंघोळ घालणारा वसंता दाराबाहेर उभा होता.

आयसीयूमध्ये मला एकच काळजी होती. मी गेले तर हा काय खाईल? आईच्या आजारपणात त्याने महाल भागातलं मोटार वाइंडिंगचं दुकान बंद केलं. आता त्याचे हात थरथरतात. घर माझ्या सरकारी पेन्शनवर चालतं.

चालता येऊ लागल्यावर आम्ही पेन्शनच्या कार्यालयात गेलो.

“कुटुंब पेन्शन लग्नाच्या जोडीदाराले भेटते, मॅडम,” बाबू म्हणाला. “असं सोबत राहणाऱ्याले नाही.”

“आता लग्न केलं तर?”

“सर्टिफिकेट आणा, नाव चढवून देतो.”

म्हणजे कालचं लग्न चालतं, वीस वर्षांचा संसार चालत नाही. माझे कान तापले.

पहिला नवरा मला मारायचा. घटस्फोट मिळाला त्या दिवशी मी ठरवलं होतं, पुन्हा लग्नाच्या कागदावर सही नाही. वसंताला हे ठाऊक होतं.

“काहून करतं वं हे?” तो म्हणाला. “मी माहं पाहून घेईन.”

“काय पाहशील? चहाचा कप धरता येत नाही तुले.”

तो उठून अंगणात गेला. आला तेव्हा एवढंच म्हणाला, “चाल. पण हार-गिर नाही घालणार.”

रीतसर नोटीस देऊन, मुदत संपल्यावर आम्ही सह्या केल्या. त्याची सही वेडीवाकडी झाली. अधिकाऱ्याने अभिनंदन केलं. वसंता “थँक्यू जी” म्हणाला, मी सर्टिफिकेट पिशवीत टाकलं.

डॉक्टरांनी मला जगवलं, त्यांचे उपकार आहेत. राग मात्र गेलेला नाही. ज्यांना असं लग्न करताच येत नाही, त्यांनी काय करायचं?

सह्या करून घरी येताना वसंताने संत्रा बर्फी घेतली आणि मला भरवायला लागला. मी तोंड फिरवलं. आम्ही एकत्र राहायला लागलो त्या दिवशीची बर्फी मी पोटभर खाल्ली होती. ही सरकारच्या कागदाची होती.